पिंक फ्लॉइडचा आवडता अल्बम आणि चव-चाचणीचा एक नियम

गेल्या महिन्यात मी एक रेकॉर्ड घालवली. फुकट मिळत होती, समोर होती, तरी घालवली.

झालं असं की आमच्या लॅबमधला एक सीनियर पोस्टडॉकसाठी परदेशी निघाला. सगळे त्याला दादाच म्हणतात, मीही. त्याच्याकडे एक जुना टर्नटेबल आणि पिंक फ्लॉइडच्या तीन रेकॉर्ड्स होत्या. बिस्किटांचे नमुने ओलावा मोजायला ओव्हनमध्ये टाकले की काही तास नुसती वाट बघायची असते. ते तास आम्ही चार वर्षं लॅबच्या मागच्या खोलीत या तीन रेकॉर्ड्स ऐकत काढले. निघायच्या दिवशी सामान बांधताना तो म्हणाला, "यातली एक तुला. सांग, कुठली?"

मी म्हणाले, "दादा, असं कसं सांगू? कुठलीही दे."

त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "कुठलीही म्हणजे एकही नको," म्हणाला आणि खोक्याला टेप लावली. मला वाटलं चेष्टा करतोय. खोकं गेलं.

खरं तर मी ठरलेलं उत्तर दिलं होतं. कुठल्याही बँडच्या कट्टर चाहत्याला आवडता अल्बम विचारा, तो हेच म्हणेल: "एक कसा निवडणार? सगळेच आपापल्या जागी..." वगैरे. वर हे असं म्हणणं हाच भक्तीचा पुरावा मानला जातो. एक अल्बम चटकन सांगणारा तो नवखा. मला हे पूर्वी पटायचं. आता तितकंसं पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्याच विषयात सापडलं.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी ज्वारीच्या बिस्किटांवर काम करते आणि माझा निम्मा वेळ लोकांना काय आवडतं हे मोजण्यात जातो. त्यासाठी सगळ्यात प्रसिद्ध साधन म्हणजे नऊ अंकांची पट्टी. एका टोकाला 'अतिशय नावडलं', दुसऱ्या टोकाला 'अतिशय आवडलं'. अमेरिकी लष्कराला सैनिकांचं जेवण सुधारायचं होतं, त्या कामातून ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तयार झाली. पट्टी चांगली आहे, पण चाहत्याच्या हातात दिली की निकामी होते. तिन्ही अल्बमना मी नऊच देणार. मग काय मोजलं?

अशा वेळी आम्ही जोड्या लावतो. दोन नमुने, प्रत्येकाला तीन आकडी सांकेतिक क्रमांक, मध्ये पाण्याचा घोट, आणि एकच प्रश्न: दोघांतलं कुठलं? अशा जोड्यांच्या उत्तरांतून एक सलग मोजपट्टी कशी काढायची, हे लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्येच दाखवलं. म्हणून खोकं गेल्यावर एका रविवारी मी स्वतःवरच हा प्रयोग केला. तीन रेकॉर्ड्स: 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), 'विश यू वेअर हिअर' (१९७५), 'ॲनिमल्स' (१९७७). 'द वॉल'वाल्यांनी रागावू नये. २६ गाण्यांच्या त्या जोडअल्बममध्ये सांधे भरायला घातलेला ऐवज बराच आहे. आणि 'मेडल'ची दुसरी बाजू, म्हणजे साडेतेवीस मिनिटांचं 'एकोज', कितीही थोर असली तरी पहिल्या बाजूला कुत्र्याच्या रडण्यावर केलेलं एक गाणं आहे. असो.

पहिली जोडी: 'डार्क साइड' की 'विश'? माझं उत्तर 'विश'. 'डार्क साइड'ची बांधणी निर्दोष आहे. गाण्यातून गाणं असं निघतं की मध्ये सुई उचलावीशी वाटत नाही. पण तो अल्बम माणसाबद्दल बोलतो, एखाद्या माणसाबद्दल नाही. काळ, पैसा, वेड, मरण असे विषय मोठ्या अक्षरांत लिहिलेले. 'विश'मध्ये मात्र एक खरा माणूस हरवलेला आहे. सिड बॅरेट या बँडचा पहिला म्होरक्या. १९६८ मध्ये मानसिक तोल ढळल्यामुळे बाहेर पडला. ५ जून १९७५ ला, ॲबी रोड स्टुडिओत याच अल्बमचं काम चालू असताना, तो न सांगता येऊन उभा राहिला. वजन वाढलेलं, डोकं आणि भुवया भादरलेल्या. ज्याच्यावर गाणं चाललं होतं त्याला या मंडळींनी आधी ओळखलंच नाही. 'शाइन ऑन'चे पहिले चार सूर ऐकताना मला दर वेळी हे आठवतं, आणि मग 'डार्क साइड' जरा उपदेशी वाटायला लागतो.

दुसरी जोडी: 'विश' की 'ॲनिमल्स'? इथे 'ॲनिमल्स'. कारण 'विश'च्या मधली दोन गाणी, 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार', ही रेकॉर्ड कंपन्यांविषयीची कुरकुर आहे. 'डार्क साइड'च्या विक्रीवर गब्बर झालेल्या लोकांनी धंदा किती वाईट आहे हे सांगायचं, हे मला पूर्ण पचत नाही. 'ॲनिमल्स'चा राग स्वतःच्या खिशापलीकडे जातो. कुत्रे, डुकरं, मेंढरं अशी समाजाची वाटणी ऑर्वेलवरून सैलपणे उचललेली आहे, पण सतरा मिनिटांचं 'डॉग्ज' कुठल्याही पुस्तकाच्या कुबड्यांवर चालत नाही. अर्ध्याहून जास्त गाणं गिलमोर गातो, थंडपणे, यशस्वी शिकाऱ्याला सल्ला दिल्यासारखं. मध्ये सिंथेसायझरचा एक लांब, रिकामा पट्टा आणि भुंकण्याचे आवाज. त्या पलीकडे तोच शिकारी वॉटर्सच्या आवाजात बोलतो, आणि आता तो घाबरलेला आहे. गाण्यात आवाज बदलणं म्हणजे माणसाच्या आतली बाजू उलटी करून दाखवणं, हे मला इतकं नेमकं दुसरीकडे फार क्वचित ऐकायला मिळालं.

आता सरळ हिशेबाने 'ॲनिमल्स' पहिला यायला हवा. तिसरी जोडी लावली, 'ॲनिमल्स' की 'डार्क साइड', आणि मी बिनदिक्कत 'डार्क साइड' लिहिलं! 'ॲनिमल्स'मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. 'पिग्ज' अकरा मिनिटं झोडपत राहतं. 'डार्क साइड'मध्ये 'अस अँड देम' आहे, आणि क्लेअर टॉरी आहे. एका रविवारच्या कामाचे ३० पौंड घेऊन ती 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर शब्दाविना गायली, आणि मरणाबद्दल जे बाकी सगळे शब्दांत सांगू पाहत होते ते सांगून गेली. (सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागायला २००५ उजाडलं, तेही कोर्टात गेल्यावर.)

म्हणजे 'विश' हरवतो 'डार्क साइड'ला, 'डार्क साइड' हरवतो 'ॲनिमल्स'ला, आणि 'ॲनिमल्स' हरवतो 'विश'ला. चक्र झालं. दगड-कागद-कात्री.

वाटलं, माझंच डोकं फिरलंय. तर नाही. केनेथ मे या गणितज्ञाने १९५४ मध्ये एक प्रयोग छापला. ६२ विद्यार्थ्यांना लग्नासाठी तीन काल्पनिक स्थळं दिली. एकाची बुद्धी जास्त, दुसऱ्याचं रूप जास्त, तिसऱ्याचा पैसा जास्त. दोन-दोन करून विचारल्यावर ६२ पैकी १७ जण चक्रात अडकले. प्रत्येक स्थळ तीनपैकी दोन बाबतींत कुणाला तरी मागे टाकतं, त्यामुळे प्रत्येक जोडीचं उत्तर आपल्या जागी शहाणपणाचं, आणि सगळी मिळून पहिला क्रमांक नाहीच. (घरच्यांना हे सांगून बघितलं आहे. उपयोग होत नाही.)

माझ्या तीन उत्तरांकडे पुन्हा पाहा. पहिल्या जोडीत मी जिव्हाळा तोलला, दुसऱ्या जोडीत प्रामाणिकपणा, तिसऱ्यात रचनेतली हवा. दर वेळी तराजू बदलला. नवख्या श्रोत्याकडे बहुतेक एकच तराजू असतो, 'ऐकायला छान वाटतं का', म्हणून तो पटकन सांगतो. चाहत्याकडे तराजूंची रास जमलेली असते.

आणि इथे मला आमच्या कामातला तो नियम आठवला. चव-चाचणीत दोन प्रकारची माणसं लागतात. एक, प्रशिक्षित पॅनेल. त्यांना अनेक आठवडे शिकवलेलं असतं. कुरकुरीतपणा किती, करपट वास किती, कडवटपणा जिभेवर किती वेळ टिकला, हे ती यंत्रासारखी सांगतात. दुसरी, साधे ग्राहक. प्रशिक्षित पॅनेलला सगळं विचारायचं, फक्त 'आवडलं का' हे विचारायचं नाही, हे पहिल्या वर्षीच बजावलं जातं. कारण शिकताना त्यांची जीभ बदललेली असते. ती बिस्किट खात नाहीत, बिस्किट वाचतात.

चार वर्षं ओव्हनशेजारी बसून आम्ही नेमकं हेच केलं होतं. मी पिंक फ्लॉइडची प्रशिक्षित पॅनेल-सदस्य झाले होते. मला नमुनेही धड वेगळे दिसेनात. 'शाइन ऑन' हे १९७४ च्या दौऱ्यांत आणखी दोन नव्या गाण्यांबरोबर वाजत होतं. गिलमोरला त्या तीन गाण्यांचाच अल्बम हवा होता. वॉटर्सने 'शाइन ऑन' मधोमध तोडून बाकी नवं लिहायचं ठरवलं आणि त्याची सरशी झाली. उरलेली दोन गाणी मग नावं बदलून 'ॲनिमल्स'मध्ये 'डॉग्ज' आणि 'शीप' म्हणून आली. 'अस अँड देम'ची चाल तर त्याआधी एका सिनेमासाठी केलेली आणि नाकारलेली. इतकं माहीत झालं की अल्बमचं पुठ्ठ्याचं वेष्टण पारदर्शक होतं. एकाच पिठाच्या तीन बिस्किटांतलं आवडतं कुठलं, असा प्रश्न उरतो.

इथे थांबले असते तर चाहत्यांची बाजू जिंकली असती: निवडता येत नाही, आणि हे घ्या शास्त्रीय कारण. पण नियम नीट वाचला पाहिजे. प्रशिक्षित माणसाला आवड नसते असं तो म्हणत नाही. त्याची आवड बाजाराचा अंदाज बांधायला चालत नाही, एवढंच म्हणतो. दादाने मला बाजाराचा अंदाज विचारला नव्हता. श्रेष्ठ कुठला हेही विचारलं नव्हतं. तुला कुठली हवी, एवढंच विचारलं होतं. मी अल्बमवरच्या प्रश्नाआड लपून माझ्यावरचा प्रश्न चुकवला.

कारणं शोधून तो सुटत नाही, हेही खाण्याच्याच प्रयोगातून कळतं. विल्सन आणि स्कूलर यांनी १९९१ मध्ये विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरी जॅमचे पाच नमुने दिले. तज्ज्ञांच्या यादीतले पहिला, अकरावा, चोविसावा, बत्तिसावा आणि चव्वेचाळिसावा. ज्यांनी नुसती चव घेऊन गुण दिले त्यांचे गुण तज्ज्ञांशी बऱ्यापैकी जुळले, सहसंबंध ०.५५. ज्यांना आधी आवडीची कारणं लिहायला लावली त्यांचा सहसंबंध ०.११. कारणं मागितली की माणूस सांगायला सोपी असलेली कारणं धरतो आणि मग त्यांच्याच मागे जातो. विल्सनच्याच पुढच्या एका प्रयोगात कारणं लिहून पोस्टर निवडलेले लोक काही आठवड्यांनी आपल्या पोस्टरवर कमी खूश होते. माझं वरचं चक्र हेही सगळं कारणांचंच होतं. छापायला बरं दिसेल असं.

म्हणून पुढच्या रविवारी काही लिहिलं नाही. ओव्हन लावला, मागच्या खोलीत बसले, फोनवर तिन्ही लावले. 'शीप' सुरू झालं तेव्हा कळलं.

'शीप'च्या सुरुवातीला मेंढरांचे आवाज येतात आणि त्यावर रिक राइटचा इलेक्ट्रिक पियानो. एकटा, सावकाश, जणू पुढे काय होणार हे त्याला सांगितलेलंच नाही. त्या संपूर्ण अल्बमवर रचनाकार म्हणून राइटचं नाव एकदाही नाही. पुढच्या अल्बमच्या काळात त्याला बँडमधूनच काढलं. पण तो पियानो काढून घ्या, 'शीप'ला दार उरत नाही.

माझ्या पहिल्या पेपरसाठी पॅनेल तयार करायचं अर्धं काम दादाने केलं होतं. आठ आठवडे, रोज दुपारी. पेपर आला तेव्हा लेखकांत त्याचं नाव नव्हतं, शेवटी आभारात होतं. ते मी ठरवलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तेव्हा माझ्या सोयीचं काय, तर कुठलंही चालेल असं म्हणणं.

'ॲनिमल्स' तिघांत श्रेष्ठ आहे असं मी अजूनही म्हणणार नाही. फार एकसुरी आहे, 'पिग्ज'ची तीन-चार मिनिटं खुशाल कापावीत. पण मला तीच रेकॉर्ड हवी होती, आणि ती त्याच्याकडून हवी होती.

रात्री दादाला एवढंच पाठवलं: "ॲनिमल्स."

त्याच्याकडे तेव्हा दुपार असावी. उत्तर लगेच आलं: "का?"

जॅमचा प्रयोग आठवून मी आधी फोन पालथा ठेवला. मग उचलला आणि राइटच्या पियानोपासून लिहायला सुरुवात केली.