पुसलेली राणी

ग्रुप फोटोतून नको असलेला माणूस काढायला आता एक बोट पुरतं. आमच्या वडनेर भोलजीत पूर्वी त्यासाठी ब्लेड लागायचं. घरातल्या एका जुन्या लग्नाच्या फोटोत एका काकूंचा चेहरा असा खरवडलेला आहे. तो फोटो हातात आला की माझी नजर नवरा-नवरीकडे जातच नाही, त्या पांढऱ्या डागावर जाते.

‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची छापील चित्रं पाहताना तेच झालं. हे सचित्र फारसी हस्तलिखित पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आफताबी नावाच्या कवीनं त्यात अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाचं गुणगान केलंय. तालिकोटची 1565ची लढाई आहे, रामरायाचा शिरच्छेद आहे. थाट शाहनाम्याचा, नायक मात्र शेजारच्या जिल्ह्यातला असावा इतका जवळचा.

खरं सांगायचं तर काव्य खुशामतीचं आहे. चित्रं त्याच्या पुष्कळ पुढे जातात. एका चित्रात बाईच्या स्पर्शानं झाड फुलतं. ही संस्कृत काव्यातली ‘दोहद’ कल्पना. आपला ‘डोहाळे’ शब्द त्याच घरातला. फारसी पोथीत ती आली, कारण चित्रकाराचे पाय दख्खनच्या मातीत होते.

आणि मग ते डाग. बऱ्याच चित्रांत सिंहासनावर राजाशेजारी राणी खुंजा हुमायूँ बसलेली होती. चांदबीबीची आई. हुसेन 1565मध्येच वारला, मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार तिनं हाती घेतला. 1569मध्ये त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. तिच्या आकृतीवर रंग फासला गेला तो त्यानंतर, असं अभ्यासक मानतात. (याच मुर्तजानं 1574मध्ये इमादशाही संपवून आपला वऱ्हाड घेतला.)

जुन्या पोथीत नंतर भर घालणं नवं नाही. इराणमध्ये मुहम्मद जमाननं 1675च्या सुमारास शंभरेक वर्षांहून जुन्या ‘खम्सा’त स्वतःची चित्रं घातली, आणि त्याचं कौतुकच होतं. इथली भर म्हणजे एक पुचाट रंगाचा थर, म्हणून आपण तिला ‘नुकसान’ म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही. तो थर या पोथीचं शेवटचं चित्र आहे, फक्त त्यावर सही नाही. दरबाराचं खरं वागणं आफताबीच्या अख्ख्या काव्यापेक्षा त्या थरात जास्त दिसतं.

गंमत अशी, की पुसणाऱ्यानं ओळींना हात लावला नाही. राणीच्या रूपाची वर्णनं शाबूत आहेत. काम घाईत उरकलं असेल, किंवा शब्दांना कोण विचारतो असं वाटलं असेल. बाजूच्या पानावर तिची स्तुती, आणि चित्रात राजाशेजारी माणसाच्या उंचीचा एक ढग. झूम केलंत तर त्या ढगाला अजून खांदा दिसतो.