'गुजारिश' : श्वासाचा प्रश्न आणि पुनर्वसनाची अनुपस्थिती

संजय लीला भन्साळी यांचा 'गुजारिश' (२०१०) हा हिंदी चित्रपट गोव्यात घडतो. मानेखालचे शरीर लुळे पडलेला जादूगार ईथन मास्करेन्हास अपघातानंतर चौदा वर्षांनी इच्छामरणासाठी न्यायालयात अर्ज करतो. चित्रपटाचा सारा युक्तिवाद मरणाच्या हक्कावर उभा आहे. अशा माणसाला जगण्यासाठी काय लागते, हा त्याआधीचा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

ईथन सरकारी वकिलाला जादूच्या पेटीत बंद करवितो आणि वकील गुदमरून बाहेर येतो, हा प्रसंग प्रभावी आहे; परंतु तेवढाच फसवा आहे. अपंगत्व म्हणजेच गुदमरणे, असे समीकरण त्यातून प्रेक्षकाच्या मनात बसते. वास्तविक श्वासपटल हलविणारी नस मानेतील तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून निघते. इजा त्याच्या वर झाल्यास श्वास यंत्रावर अवलंबून राहतो. खाली झाल्यास खोकण्याची शक्ती घटते व कफ साठतो. दोन्हींवर उपाय आहेत : चाकाच्या खुर्चीवर बसविता येणारा छोटा व्हेंटिलेटर, मुखवट्यातून दिला जाणारा श्वास, कफ काढण्याचे यंत्र, आणि हे सारे हाताळण्यास शिकलेले माणूस. (२०२०च्या साथीने व्हेंटिलेटर हा शब्द घरोघरी पोचविला, पण तो अतिदक्षता विभागातला.)

तुलनेसाठी अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांचे उदाहरण बोलके आहे. पोलिओमुळे ते रात्री लोखंडी फुप्फुसात झोपत. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाने त्यांना नोकरीस अपात्र मानले होते. १९७५ मध्ये ते त्याच विभागाचे संचालक झाले. ईथनही रेडिओवर कार्यक्रम करतो, श्रोत्यांना धीर देतो. त्याच्या या कामाचे मोल कथेने ओळखलेले नाही.

सोफिया ही परिचारिका बारा वर्षे त्याची सेवा करते. तिच्या श्रमांना दिग्दर्शक प्रेमाचे रूप देतो आणि व्यवस्थेचा अभाव झाकला जातो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबविण्याचा व तसे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३८ खाली अधिक आधाराची गरज असणारी व्यक्ती अर्ज करू शकते. मूल्यांकन मंडळ तिची गरज तपासते. मात्र प्रत्यक्ष आधार शासकीय योजना व आदेशांच्या अधीन ठेवला आहे.