बघ्या मुलाचं एक मिनिट

मिल्ड्रेड पार्टन यांचा बालवाडीतल्या मुलांच्या खेळावरचा निबंध १९३२ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राचे विद्यार्थी त्यातले खेळाचे सहा प्रकार परीक्षेपुरते पाठ करतात. मला या निबंधाचं सौंदर्य त्या यादीच्या आधीच, पाहण्याच्या रीतीत भेटतं.

मिनेसोटा विद्यापीठाची बालवाडी, मोकळ्या खेळाचा तास. पार्टन एका मुलाकडे मिनिटभर पाहतात, नोंद करतात, दुसऱ्याकडे वळतात. कोणाची पाळी कधी, हे आधीच ठरलेलं. असं महिनोन् महिने. आपली नजर आपसूक दंगेखोराकडे किंवा गोड बोलणाऱ्याकडे जाते आणि कोपऱ्यातलं पोर राहून जातं. इथे त्यालाही मोजून तेवढंच मिनिट मिळतं. संशोधनाच्या आराखड्यात इतकी साधी न्यायबुद्धी मी फार कमी पाहिली आहे.

मग व्याख्या. 'रिकामं' मूल आणि 'बघ्या' मूल, दोघंही खेळत नाहीत. तरी पार्टन त्यांना वेगळं काढतात. रिकामं मूल समोर येईल ते क्षणभर पाहतं, खुर्चीवर चढतं-उतरतं, बाईंच्या मागे मागे फिरतं. बघ्यानं मात्र एक टोळकं पक्कं निवडलेलं असतं. बोलणं ऐकू येईल इतक्या अंतरावर तो उभा राहतो, विचारतो, सुचवतो, पण खेळात शिरत नाही. मनात काय चाललंय याचा अंदाज बांधण्याऐवजी पार्टन अंतर आणि नजर टिपतात. दुसऱ्या कुणी पाहिलं तरी तेच दिसावं. काय नेमकेपणा आहे हा!

पुढे त्या गुण देतात. रिकाम्याला उणे तीन, एकट्यानं खेळणाऱ्याला उणे दोन, बघ्याला उणे एक. शेजारी खेळण्यापासून पुढे अधिक एक, दोन, तीन. सामाजिक सहभाग मोजायचा होता, हे मान्य. तरी इथे माझं मन अडतं. त्या मिनिटात जे दिसलं, त्यात ही वजाबाकी कुठेच नव्हती.

कोल्हापूरकराला तर ती पटणं कठीणच. इथे १९१२ साली शाहू महाराजांचं खासबाग मैदान पुरं झालं, तेही चारी बाजूंनी सगळ्यांना कुस्ती नीट दिसावी अशा बांधणीचं. गंगावेस, मोतीबाग अशा तालमींच्या या गावात हौदाच्या कडेला बसून, वस्ताद कुणाला पट काढायला कसं शिकवतात ते एकटक पाहणारं पोर कुणाला नवं नाही. त्याला उणे एक? ग्वाटेमालातल्या माया वस्त्यांमध्ये बार्बरा रोगॉफ यांनी मुलांचं असं पाहत पाहत शिकणं फार आस्थेनं अभ्यासलं आहे. तिथे लक्ष देऊन पाहणं हाच शिकण्यातला सहभाग ठरतो.

म्हणून पार्टन यांचं मिनिट जसंच्या तसं ठेवावं आणि उण्याची खूण तेवढी पुसावी. तालमीत बसून नोंदवावं: पोर कुणाकडे पाहतंय, किती अंतरावरून, कोणता डाव चाललाय. पोरांची पाळी आधीच ठरलेली असावी, म्हणजे वस्तादांच्या लाडक्यांवरच नजर खिळणार नाही. मग तेच पोर लाल मातीत उतरून तोच डाव पहिल्यांदा करून बघेल, ते मिनिट टिपावं आणि मधले दिवस मोजावेत.