जीर्ण खेळ आणि रसिकांचा कौल

पुष्कळांना प्रिय झालेली जुनी वस्तू दुरुस्तीस काढली की तिच्याभोवती दोन पक्ष उभे राहतात. एकास तिचा खिळाही हललेला खपत नाही, तर दुसऱ्याच्या डोळ्यांत तिचा जुनेपणाच सलतो. देवळाच्या जीर्णोद्धारापासून जत्रेतील पाळण्यापर्यंत हा अनुभव सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील करमणूक-उद्यानांत काही जुन्या सफरींच्या नूतनीकरणावरून रसिकांनी जे वादंग माजविले, त्याचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे. विषय वरवर पोरकट भासेल. परंतु पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली धावू लागलेल्या फुलराणीत जी मुले बसली, त्यांनीच पुढे आपल्या नातवंडांना तीत बसविले. अशा गाडीचा डबा बदलणे हे केवळ यंत्रशाळेचे काम राहत नाही. प्रेम करणाऱ्यांच्या मताला किती मोल द्यावे, हा प्रश्न तेथे उभा राहतोच.

या प्रश्नाला लावावयाची कसोटी आदिलाबाद जिल्ह्यातील वाचकांस घराजवळच सापडेल. इंद्रवेल्लीनजीकच्या केस्लापूर येथे नागोबाचे नवे दगडी मंदिर उभे राहिले व २०२२ च्या डिसेंबरात तेथे प्रतिष्ठापना झाली. गोंड समाजातील मेस्राम कुळाने आपल्याच वर्गणीतून हे कार्य सिद्धीस नेले. पुढच्या पौष अमावास्येस जत्रा भरली ती नव्या देवळात. पण गोदावरीचे पाणी पूर्वीप्रमाणेच हस्तिनमडुगूहून पायी चालत आले, आणि मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांचीच होती. भिंती बदलल्या, पाऊलवाट बदलली नाही. पुरीच्या जगन्नाथाचे रथ तर दरवर्षी नव्या लाकडाचे होतात. मात्र चाके सोळा, चौदा व बारा हीच राहतात आणि घडविणारी घराणीही वंशपरंपरेचीच असतात. म्हणून त्या रथांना कोणी नवे म्हणत नाही. द्रव्य बदलूनही वस्तू तीच राहू शकते, हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. देवस्थान आणि करमणूक यांना आम्ही एका पंक्तीस बसवीत नाही; कसोटी तेवढी उसनी घेत आहोत.

फ्लॉरिडातील एपकॉट उद्यानात १९८३ साली कल्पनाशक्तीवरील एक सफर सुरू झाली. ड्रीमफाइंडर नावाचा दाढीवाला प्रवासी कल्पनेचे कण वेचीत हिंडतो, त्या कणांतून फिगमेंट हा जांभळा चिमुकला ड्रॅगन जन्मास येतो, आणि गाडीत बसलेला प्रेक्षक त्या दोघांबरोबर कला, साहित्य व विज्ञान यांच्या दालनांतून फिरतो. कल्पना कशी जन्मते हेच त्या सफरीचे कथानक होते. १९९९ साली तिचे रूप पालटले. ड्रीमफाइंडर नाहीसा झाला, फिगमेंट नावापुरता उरला, सफर आखूड झाली आणि कल्पनेच्या राज्याच्या जागी एक प्रयोगशाळा आली. रसिकांनी इतका गिल्ला केला की २००२ साली फिगमेंट व त्याचे गीत यांना परत आणावे लागले. तरीही समाधान झाले नाही. कारण उघड आहे. ‘आमचा फिगमेंट आम्हांला द्या’ अशी मागणी होती, आणि मागितले तेवढेच मिळाले. हरवले होते ते मात्र त्याला जन्म देणारे कथानक. केस्लापूरच्या भाषेत बोलावयाचे तर मूर्ती परत आणली, पण तिच्याकडे जाणारी वाट बुजलेलीच राहिली.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १९८९ साली ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यावरील सफर उघडली. तिच्यासाठी ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६ च्या चित्रपटातील प्राण्यांच्या गोष्टी घेतल्या होत्या. दक्षिणेकडील मळ्यांवरील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे खोटे व गोड चित्र रंगविल्याचा आक्षेप त्या चित्रपटावर आरंभापासून होता. २०२० साली ही सफर बदलण्याचे जाहीर झाले, तेव्हा बदलाच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे सह्या गोळा झाल्या. २०२३ साली फ्लॉरिडातील तशीच सफर बंद होताना तेथील पाणी बाटल्यांत भरून विकावयास मांडल्याच्या बातम्या आल्या. तीर्थाची सवय असलेल्या आमच्या वाचकांस हसू येईल. पण त्या बाटलीमागील व्याकुळता खोटी म्हणता येत नाही.

तथापि येथे रसिकांचे प्रेम हा अखेरचा निवाडा होऊ शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या गोष्टीने शेजाऱ्याचा अवमान होतो ती माझ्या बालपणाशी निगडित आहे, एवढ्याने ती राखण्यास पात्र ठरत नाही. बदल योग्यच होता. परंतु बदल योग्य असला म्हणजे घडण चांगली होतेच असे नाही. जुन्या सफरीत कोल्ह्याने पकडलेला ससा काटेरी जाळीत फेकला जाण्याच्या बेतात असे, आणि त्याच क्षणी प्रेक्षकांची होडी कड्यावरून खाली कोसळे. उडी हा कथेचा कळस होता. २०२४ साली उघडलेल्या नव्या सफरीत उडी कायम आहे, पण टियाना ही नायिका उत्सवासाठी वादक शोधीत हिंडते. कथेत कसलेही संकट नाही. मग होडी कोसळते कशासाठी? हा आक्षेप जुन्याचा मोह म्हणून झटकण्याजोगा नाही. तो रचनेवरील आक्षेप आहे, आणि आम्हांस तो रास्त वाटतो.

या दोन्ही प्रकरणांवरून आम्हांस असे दिसते की रसिक हा उत्तम साक्षीदार असतो, पण क्वचितच उत्तम स्थपती असतो. काय हरवले याची त्याची वेदना बहुधा खरी असते. ते भरून कसे काढावे याविषयीची त्याची सूचना बहुधा चुकते. चालकांचा दोष याच्या नेमका उलट. ते सूचना मोजतात आणि वेदना ऐकत नाहीत. शंभर जणांनी बाहुली मागितली की बाहुली उभी करतात व कर्तव्य झाले असे मानतात.

म्हणून बागेतील गाडी असो, जत्रेतील पाळणा असो की देवळाचा सभामंडप, ज्यांच्या हाती दुरुस्ती आहे त्यांनी जुन्या माणसांना ‘काय हवे’ असे विचारू नये. ‘काय आठवते’ असे विचारावे. कोणास त्या वस्तूने दुखविले असेल तर त्यालाही त्याच बैठकीत मानाने बसवावे. एवढे ऐकून घेतल्यावर लाकूड, लोखंड व रंग खुशाल नवे आणावेत, आणि काम जाणत्या कारागिरावर सोपवावे. पाऊलवाट मात्र मोडू नये.