कलिंगडाची साक्ष

जिओव्हान्नी स्तांकी या रोमच्या चित्रकाराचे एक फळांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १६४५ ते १६७२ या काळात केव्हातरी ते रंगविलेले आहे. पीच, पेअर अशा फळांच्या जोडीला त्यात एक फोडलेले कलिंगड आहे. त्याचा गर लालभडक नाही. फिकट, पांढुरक्या वळणदार पट्ट्यांनी तो कप्प्याकप्प्यांत विभागलेला असून कप्प्यांत काळ्या बिया दिसतात. २०१५ साली हे चित्र प्रसारमाध्यमांत गाजले आणि तेथून वर्गावर्गांत पोहोचले. सतराव्या शतकातील कलिंगड असे होते, पुढे माणसाने निवड करीत करीत ते आजच्यासारखे लाल केले, अशा आशयाचा मजकूर सहसा त्याच्यासोबत असतो.

माणसाच्या निवडीमुळे पिके बदलली, याविषयी वाद नाही. मक्याचे कणीस, कोबीचा गड्डा आणि केळ्याचे बिनबियांचे फळ ही सारी त्याचीच उदाहरणे होत. प्रश्न एवढाच, की स्तांकीचे कलिंगड या गोष्टीचा पुरावा ठरते काय? आमच्या मते ठरत नाही.

पहिले कारण फळातच आहे. असे कलिंगड आजही एखाद्या वेळी हाती लागते. परागण अपुरे झाले किंवा फळ वाढत असताना हवामान अनुकूल नसले, तर गर नीट भरत नाही. मध्ये भेगा आणि पोकळ्या पडतात व रंगही सारखा उतरत नाही. फळ कच्चे असेल, असेही म्हणता येत नाही, कारण चित्रातील बिया काळ्या, म्हणजे पिकलेल्या आहेत. तेव्हा स्तांकीने त्या काळच्या कलिंगडांचा प्रतिनिधी रंगविला की एक नीट न भरलेले फळ रंगविले, हे केवळ त्या एका चित्रावरून सांगता येणार नाही.

दुसरे कारण इतर चित्रांत आहे. ‘ताकुइनुम सानितातिस’ हा आहार व आरोग्यावरचा ग्रंथ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत त्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या. त्यांत लाल गराचे कलिंगड आढळते, आणि हे स्तांकीच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या, काराव्हाज्जोच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका फळांच्या चित्रातही कापलेल्या कलिंगडाचा गर लाल आहे. म्हणजे लाल कलिंगड स्तांकीनंतर घडले, हे विधान चित्रांच्याच साक्षीने कोसळते. निवड झाली खरी, पण ती फार आधी आणि इटलीपासून फार दूर सुरू झाली होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या कलिंगडाचे सर्वांत जवळचे नातेवाईक सुदानमधील कोर्दोफान कलिंगड होय. त्याचा गर पांढरा असतो, मात्र कडू नसतो. कलिंगडाच्या बिया इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातही मिळाल्या आहेत.

मग जुनी चित्रे पिकांच्या इतिहासाला निरुपयोगीच समजायची काय? मुळीच नाही. रोममधील व्हिला फार्नेसिना या प्रासादाच्या एका दालनात राफाएलच्या सहकाऱ्यांनी छत रंगविले आहे. त्यावरील फळाफुलांच्या माळा जिओव्हान्नी दा उदिने याने १५१५ ते १५१८ या काळात काढल्या. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांत दीडशेहून अधिक जातींच्या वनस्पती ओळखल्या आहेत. त्यांत मक्याची कणसे आहेत, अमेरिकेतील भोपळेही आहेत. कोलंबस अमेरिकेस पोहोचला तो १४९२ साली. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांतच ही पिके रोममधील चित्रकाराच्या डोळ्यांसमोर होती, हे त्या छतावरून निश्चित होते. येथे चित्र उत्तम साक्षीदार आहे, कारण त्याला विचारलेला प्रश्न योग्य आहे. एखादी वनस्पती अमुक सालापर्यंत येथे आली होती, एवढे चित्र सांगू शकते. ती त्याआधी नव्हती, किंवा सगळीकडे अशीच होती, हे मात्र ते सांगू शकत नाही.

त्यालाही एक अट आहे. वनस्पतीची ओळख पक्की हवी. दाण्यांच्या ओळी आणि पाती दिसत असली, की मक्याचे रंगविलेले कणीस ओळखण्यात सहसा घोटाळा होत नाही. दगडातील फळाचे तसे नसते. भारहूतच्या स्तूपावरील शिल्पांत अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सीताफळ दिसले. हा स्तूप इसवी सनापूर्वीचा, आणि सीताफळ तर मूळचे अमेरिकेतील. दगडात रंग नाही, गर नाही, बी नाही. खवल्यांचे एखादे गोल फळ फणसही असू शकते किंवा शिल्पकाराची नुसती नक्षीही. एवढ्या नाजूक आधारावर महासागर ओलांडणारा निष्कर्ष उभारू नये.

शिक्षकांना हे सारे सांगण्याचे कारण असे, की स्तांकीचे चित्र दाखवून आपण एक खरी गोष्ट चुकीच्या पुराव्याने शिकवितो. पुढे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘ताकुइनुम’मधील लाल फळ पाहिले, तर त्याचा त्या चित्रावरचा विश्वास उडेल आणि कदाचित निवडीच्या सिद्धांतावरचाही. म्हणून चित्र जरूर दाखवावे, पण प्रश्नांसह. त्याच काळातील आणखी चित्रे कोणती? बिया, ग्रंथ, जनुके काय सांगतात? चित्रकाराने हेच फळ का निवडले असेल?

उन्हाळ्यात याला एका सोप्या प्रयोगाची जोड देता येईल. वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून चार-पाच कलिंगडे आणून वर्गात आडवी कापावीत. प्रत्येक गटाने एकाच फळाचा छेद रंगवावा आणि चित्रे भिंतीवर लावावीत. मग एखादे चित्र निवडून बाकीची झाकावीत आणि विचारावे, की तीनशे वर्षांनी एवढेच चित्र उरले, तर पाहणारा आपल्या कलिंगडांबद्दल काय समजेल?