खाडाखोडीशेजारची सही

बँकेत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून लेजरमध्ये नऊशेच्या जागी सातशे पडले. मी गुपचूप साताचा नऊ गिरवला. हेडसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अहो, चूक कोणाकडूनही होते. पण आधीचा आकडा दिसला पाहिजे! एक रेघ मारा, वर नवा आकडा लिहा, शेजारी सही ठोका." बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका मिनिटात शिरलं. मात्र ते सिनेमा पाहताना उपयोगी पडेल असं काही वाटलं नव्हतं.

परवा भाच्याने 'स्टार वॉर्स'चा 1999 सालचा भाग दाखवला. मूळ चित्रपट सव्वादोन तासांचा. त्यात जार जार बिंक्स नावाचा एक लांबकान्या प्राणी पडद्यावर सारखा धडपडतो आणि प्रेक्षकांनी हसावं अशी अपेक्षा असते. ही प्रत मात्र आटोपशीर होती. अमेरिकेतल्या एका चाहत्याने मूळ चित्रपटातली वीसेक मिनिटं घरच्या घरी कापली आणि 2001 साली तिच्या कॅसेट हातोहात फिरल्या.

"यात कसली आलीय कला?" मी म्हणालो. "कापायला काय, आमचा न्हावीसुद्धा कापतो."

"मामा, तू आधी बघ तरी."

बघितला. लांबकान्याचा त्रास कमी झालाच, पण दुसरीच गंमत लक्षात आली. चित्रपटातल्या लहान मुलाची काही पोरकट वाक्यं गळली होती, आणि तेच पोर आता विचारी वाटत होतं. नवं चित्रीकरण एक फूटही नाही, तरी माणूस बदलला! 'पात्र उथळ आहे' असं समीक्षक लिहून मोकळा होतो. या गृहस्थाने ते पात्र खोल होऊ शकत होतं, हे दाखवूनच दिलं. अर्थात सगळ्याच कात्र्या अशा नसतात. नावडतं पात्र नुसतं हाकलून दिलं, की बाकीचे भिंतीशी बोलल्यासारखे दिसतात. शिवाय मुद्दल दुसऱ्याचं, हे विसरून चालत नाही. मुद्दलच नसेल तर व्याज कशावर धरणार?

पण मला खरा प्रश्न पडला तो मूळ मालकाबद्दल. जॉर्ज ल्यूकस यांनी 1988 साली अमेरिकन काँग्रेससमोर जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली. आणि 1997 साली स्वतःच्याच 1977 च्या चित्रपटात स्वतःच फेरफार केले! पूर्वी हान सोलो आपणहून गोळी झाडायचा. आता समोरचा आधी झाडतो, म्हणजे आपला हान सभ्य ठरला. पुढच्या आवृत्त्यांत हेच चालू राहिलं. शेवटी चेक देशातल्या एका चाहत्याने ठिकठिकाणच्या जुन्या प्रतींतून तुकडे गोळा केले आणि 2011 च्या सुमारास 1977 चा चित्रपट पुन्हा जुळवला.

"चित्रपट त्यांचा, ते काहीही करतील," भाचा म्हणाला.

कबूल. पण आमच्याकडे खातेदार कितीही मोठा असो, त्याला मागच्या तारखेची नोंद गिरवता येत नाही. त्या कॅसेटवाल्याने सुरुवातीच्या सरकत्या मजकुरातच सांगून टाकलं होतं, की ही मी कापलेली प्रत आहे. टोपणनावाने का होईना, सही केली होती. आणि त्याच्या कापण्याने मूळ चित्रपटाचं केसभरही नुकसान झालं नाही. तो दुकानात जागच्या जागी होता. मालकाने मात्र सातावर नऊ गिरवला. हेडसाहेबांनी दोघांपैकी कोणाला केबिनमध्ये बोलावलं असतं, हे मी सांगायला नको.

हा लेख भाच्याला वाचायला दिला. "लांबलाय. कापू?" तो म्हणाला.

"काप. पण मूळ प्रत राहू दे, आणि खाली सही कर."

त्याने सरळ हेडसाहेबांनाच उडवलं. मी त्यांना परत आत घेतलं आहे. शेजारी माझी सही आहे.