चौदा टक्क्यांत पूर्ण: ‘सुपर मेट्रॉइड’ आणि किमान वस्तूंचे आव्हान

१. प्रास्ताविक

या टिपणात आपण एका व्हिडिओ गेमची समीक्षा करणार आहोत. मात्र हा गेम आपण खेळाडूंनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेल्या एका अटीतून पाहणार आहोत. अट अशी: कमीत कमी वस्तू गोळा करून गेम शेवटपर्यंत न्यायचा. कादंबरी कोणीही वाचली तरी तिची पाने तीच राहतात. गेममध्ये खेळणे हेच वाचन असते, त्यामुळे अट बदलली की वाचनही बदलते. ही अट समीक्षेचे साधन म्हणून कितपत उपयोगी आहे, एवढाच आपला प्रश्न आहे.

२. गेमची रचना

निन्टेंडोचा ‘सुपर मेट्रॉइड’ १९९४ मध्ये आला. दिग्दर्शक योशिओ साकामोतो. नायिका सामुस झेबेस ग्रहाच्या पोटातील बोगद्यांमध्ये वाट शोधत फिरते. वाटेत तिला वस्तू सापडतात आणि त्यांच्यामुळे नवे दार उघडते, उंच कडा गाठता येतो किंवा तापलेल्या दालनातून जाता येते. अशा वस्तू बरोबर १०० आहेत: ४६ मिसाइल संच, १० सुपर मिसाइल संच, १० पॉवर बॉम्ब संच, १४ ऊर्जा टाक्या, ४ राखीव टाक्या आणि १६ उपकरणे. शेवटी पडद्यावर तुम्ही किती टक्के वस्तू गोळा केल्या तो आकडा दिसतो. १०० पैकी एक वस्तू म्हणजे एक टक्का.

आता नीट लक्ष द्या. हा आकडा गेम फक्त दाखवतो. कमी आकड्याबद्दल कोणतेही बक्षीस देत नाही. शेवटचे चित्र बदलते ते वेळेवर. तीन तासांच्या आत गेम संपवला तर वेगळे चित्र दिसते. तरीही खेळाडूंनी तो आकडा उलटा वाचला. जास्तीत जास्त किती, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले, कमीत कमी किती? यातूनच १४ टक्क्यांत गेम पूर्ण करण्याचा प्रकार रूढ झाला.

३. वजाबाकीतून काय दिसते?

अभियांत्रिकीत एखाद्या सांगाड्यातला कोणता भाग खरोखर भार पेलतो हे जाणून घ्यायचे असेल, तर तो भाग काढला असता काय होईल याचे गणित आपण मांडतो. किमान वस्तूंचा खेळाडू तेच करतो. एकेक वस्तू वगळून तो पाहतो, आणि मग गेममधल्या अडथळ्यांचे दोन गट पडतात.

पहिला गट खऱ्या कुलपांचा. हिरवे दार सुपर मिसाइलनेच उघडते आणि पिवळे पॉवर बॉम्बने. तिथे कौशल्य चालत नाही. दुसरा गट फक्त कुलपासारख्या दिसणाऱ्या अडथळ्यांचा. उंच उडीचे बूट नसतील तर उंच विहिरीसारख्या जागेतून वर जाता येणार नाही, असे वाटते. पण सामुसला भिंतीवर पाय मारून उलट दिशेने उडी घेता येते. ही भिंत-उडी कोणत्याही वस्तूबरोबर मिळत नाही, ती पहिल्या मिनिटापासून तिच्याकडे असते. गेम ती शब्दांत शिकवत नाही. ब्रिन्स्टारमधल्या एका खोल खड्ड्यात लहान प्राणी भिंतींवरून उड्या मारत वर जातात. आपण तळाशी उभे राहून पाहायचे आणि शिकायचे.

या गेमचे मर्म मला इथे दिसते. सामुसची वाढ दोन मार्गांनी होते. एक तिच्या सामानात जमा होते, दुसरी खेळाडूच्या हातात. १०० टक्क्यांनी खेळणाऱ्याला पहिलीच दिसते, कारण सामान वाढत गेले की हातांची परीक्षा होत नाही. १४ टक्क्यांचा खेळाडू दुसरी उघडी पाडतो.

शेवटची लढतही अशीच तपासा. मदर ब्रेनच्या किरणाचा एक जबर फटका कथेतच ठरलेला आहे. सर्वसाधारण मार्गाने जाणाऱ्याला तो सोसण्याइतकी ऊर्जा लागतेच, म्हणून किमान यादीतही ऊर्जा टाक्या राहतात. चौदाही टाक्या असलेल्या खेळाडूला हे संकट कथेतले संकट वाटते. मोजक्या टाक्या असलेल्याला ते आकड्यांतही खरे असते.

४. किमान संच एकच नसतो

गणितात ‘किमान’ म्हटले की उत्तर एकच असेल, अशी आपली समजूत होते. १४ टक्क्यांचे मात्र दोन प्रकार प्रसिद्ध आहेत: एकात बर्फकिरण घेतात, दुसऱ्यात वेगवर्धक. संख्या तीच, घटक वेगळे. बर्फकिरण असेल तर मेट्रॉइड गोठवून मिसाइलने मारता येतात. नसेल तर पॉवर बॉम्ब जपून ठेवावे लागतात. म्हणजे आकडा तुलनेला सोयीचा असला, तरी खेळाचे पूर्ण वर्णन त्यात येत नाही. गुणपत्रिका वाचतानाही ही गोष्ट लक्षात ठेवा.

५. बक्षीस आले की काय बदलते?

२००४ च्या ‘मेट्रॉइड: झीरो मिशन’मध्ये १५ टक्के किंवा त्याहून कमी वस्तूंनी गेम संपवणाऱ्यासाठी खास शेवटचे चित्र आहे. खेळाडूंची सवय रचनाकारांनी ओळखली आणि तिला मान दिला. त्यांचे कौतुकच करायला हवे, पण अटीचे स्वरूप त्यामुळे बदलले. आता ती गेमनेच दिलेली कामगिरी ठरते. ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये खेळाडू रचनेला प्रश्न विचारतो, ‘झीरो मिशन’मध्ये रचनाकाराने आधीच मांडून ठेवलेला प्रश्न तो सोडवतो.

६. एक गंभीर आक्षेप

शोध हाच ज्या गेमचा प्राण, तो नकाशा पाठ करून खेळायचा म्हणजे शोधाचाच बळी देणे नव्हे का? आक्षेप खरा आहे. काय वगळायचे हे कळण्यासाठी काय काय आहे ते आधी माहीत असावे लागते. तयार यादी पाहून १४ टक्के गाठणारा पाककृती वाचून स्वयंपाक करतो. पदार्थ उत्तम होईलही, पण त्यातला शोध दुसऱ्याचा असतो. माझे मत असे: या आव्हानात जागेचा शोध संपतो आणि नियमांचा शोध सुरू होतो. मात्र यादी स्वतः तयार केली तरच. म्हणून आकडा १४ ऐवजी ३० आला तरी चालेल, पण कोणती वस्तू का वगळली याचे कारण तुमचे असू द्या.

७. विचारासाठी

(अ) तुम्हाला परिचित असलेला एखादा गेम घ्या आणि त्यातील एक वस्तू वगळून खेळून पाहा. अडला तो अडथळा खरे कुलूप होता की सवय?

(आ) अट पाळताना गेमची कथा अधिक खरी वाटली की पोकळ? एका प्रसंगाच्या आधारे २०० शब्दांत लिहा.